कंगवे, ब्रश, ट्रिमर, कात्र्या : कशाला काय चालतं आणि काय मुळीच चालत नाही?

मी_गुंतलेली

विषय दोन ओळींचा वाटतो, पण शोधायला गेलं की सल्ल्यांची मारामारी दिसते. एक म्हणतो कंगवा उकळा, दुसरा म्हणतो पाणी दाखवूही नका. कुणी सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततो, कुणी सगळ्यावर स्पिरिट फवारतो. जाणकारांनी नेमकं सांगावं म्हणून हा धागा.

माझे प्रश्न:
१. रबरी गादीच्या ब्रशला धुतल्यावरही कुबट वास का येतो?
२. ट्रिमरच्या पात्यांना कोणतं तेल घालावं, किती आणि कुठे?
३. नुसतं धुणं पुरतं, की निर्जंतुकही करायला हवं?
४. सोडा-व्हिनेगरचं खरं काय?

कृपया "मी तर कधीच धूत नाही" छापाचे प्रतिसाद टाळावेत. ते वाचून डोकं खाजतं.

ओलाकोरडा

आधी वस्तू कशाची बनली आहे ते बघा, कृती त्यावरून ठरते.

प्लास्टिकचा साधा कंगवा: त्यातले केस कोरडे असतानाच काढा. ओले झाले की ते दात्यांच्या मुळाशी चिकटून बसतात. मग हाताला सोसेल इतपत गरम पाणी (४०-४५ अंश), लिटरभर पाण्यात चमचाभर शाम्पू किंवा भांडी घासायचा लिक्विड साबण. १५-२० मिनिटं भिजत ठेवा. नंतर जुना टूथब्रश दात्यांच्या मुळापासून टोकाकडे फिरवा. आडवा घासला तर तो दात्यांवरून नुसत्या उड्या मारतो आणि मुळातला काळा मळ तसाच राहतो. खळखळून धुवा, उभा करून वाळवा.

उकळतं पाणी नको. स्वस्त प्लास्टिक त्यात मऊ पडतं, दाते तिरके होतात, आणि गार झाल्यावर तसेच राहतात. मग एकाच फटीत केस अडकून तुटायला लागतात आणि दोष केसांना दिला जातो.

लाकडी आणि शिंगाचा कंगवा: भिजवायचा नाही, एवढा एकच नियम. लाकूड पाणी पिऊन फुगतं, वाळताना चिरतं. शिंग म्हणजे केरॅटिन, तेही पाण्याने फुगून वाकतं. साबणाच्या पाण्यात टूथब्रश बुडवून झटकायचा आणि त्याने घासायचं. ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरड्याने पुसायचं, सावलीत ठेवायचं. वाळल्यावर बोटावर तेलाचा थेंब घेऊन चोळलं की पृष्ठभाग परत गुळगुळीत होतो.

टक्कलपंत

कंगव्याला शाम्पू लावायचा हे आधी कळायला हवं होतं. इथे बाटल्या नुसत्या पडून आहेत.

बिनपाण्याची

ओलाकोरडा, छान माहिती. एक शंका. ब्रशच्या मुळाशी राखाडी लोकरीसारखा थर साचतो तो नेमका काय असतो? केस तर नसतात ते.

सूक्ष्मदर्शी

@बिनपाण्याची, तो मिश्र थर असतो. टाळूच्या मेलेल्या त्वचेचे कण, टाळूतून पाझरणारं तेल, लावलेलं तेल किंवा सीरम, आणि कपडे-टॉवेल-उशीचे तंतू. तेल गोंदाचं काम करतं, बाकीचं त्याला चिकटतं. म्हणून केस नियमित काढले तरी हा थर वाढतच राहतो, आणि नुसत्या पाण्याने जात नाही.

काढायची पद्धत: कोरड्या ब्रशवर ओळींमधल्या मोकळ्या जागेत कात्रीचं टोक घालून जाळं उभं कापायचं, मग शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने खालून उचलायचं. अख्खा थर पट्टीसारखा निघतो. चिमट्याने एकेक ओढत बसलात तर काड्या उपटल्या जातात. एवढं झाल्यावरच पाणी.

आता प्रश्न क्र. ३. धुणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं आहेत आणि त्यांचा क्रम बदलून चालत नाही. जंतुनाशक तेलाच्या थराखाली पोचत नाही. शिवाय बरीचशी जंतुनाशकं मळातल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्ची पडतात. मळक्या कंगव्यावर स्पिरिट फवारलं तर मिळतो तो सुगंधी मळका कंगवा.

स्पिरिटचंच बोलायचं तर ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल घ्या. ९९ टक्क्यांचं जास्त जालीम असेल हा समज उलटा आहे. प्रथिनांची मोडतोड व्हायला पाणी लागतं. शुद्ध अल्कोहोल वरचा थर झटकन गोठवतं आणि काम व्हायच्या आत उडून जातं. ७० टक्क्यांचं थोडा वेळ ओलं राहतं, तो वेळच महत्त्वाचा. फवारून लगेच पुसलं तर फवारलं नाही असंच समजा.

रोखठोक

एवढा खटाटोप कशासाठी? स्वतःचा कंगवा, स्वतःचं डोकं. त्यावरचे जंतूही स्वतःचेच. दवाखान्यातल्या शस्त्रांसारखं कंगव्याला वागवायचं काही कारण दिसत नाही.

सूक्ष्मदर्शी

@रोखठोक, अर्धं मान्य. एकाच माणसाचा कंगवा असेल आणि टाळूला काही विकार नसेल तर आठवड्या-पंधरवड्याने साबणाने धुणं पुरेसं आहे. निर्जंतुक करायची वेळ तीन प्रसंगी येते: साधन अनेकांत वापरलं जातं तेव्हा, डोक्याला बुरशी किंवा पुळ्या झाल्या असतील तेव्हा, आणि रक्त लागलं असेल तेव्हा.

तिसरा मुद्दा सगळ्यांत गंभीर. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तात किमान ७ दिवस तग धरतो, आणि रक्ताचा डाग डोळ्यांना दिसायलाच हवा असंही नाही. म्हणून रेझर घरातल्या घरातही दुसऱ्याचा वापरू नये. धुऊन सुद्धा नाही.

धारदार

+१. रेझरबद्दल तर +१००.

फुलपाखरी

मळक्या कंगव्याने कोंडा होतो आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतो, हे खरं ना? म्हणजे रोखठोक यांचा मुद्दा तिथे पडतो.

सूक्ष्मदर्शी

नाही पडत. कोंड्याशी ज्या यीस्टचा संबंध आहे, मॅलॅसेझिया, ती बहुतेक प्रौढांच्या टाळूवर मुळातच असते. कोंडा होतो तो तिच्यावर टाळू कशी प्रतिक्रिया देते त्यामुळे. कंगव्यातून कोंडा 'लागत' नाही. मळक्या कंगव्याने एवढंच होतं की धुतलेल्या केसांत जुने पापुद्रे आणि तेल परत पसरतं.

डोक्याचा नायटा मात्र वेगळा. ती बुरशी खरोखर संसर्गजन्य आहे, मुलांमध्ये जास्त दिसते, आणि तिचे बीजाणू कंगवा, टोपी, क्लिपर (केस कापायचं मशीन) यांवर बराच काळ टिकतात. तिथे औषधोपचार चालू असताना कंगवा वेगळा ठेवायचा आणि बुरशीनाशक असं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं द्रावणच वापरायचं. लाकडी किंवा नैसर्गिक केसांचा ब्रश असेल तर सरळ टाकून द्यावा, तो आतपर्यंत साफ होत नाही.

कातरवेळ

क्लिपर-ट्रिमरवर कुणी बोललं नाही म्हणून सविस्तर लिहितो. लांबण लागेल.

पात्यांची जोडी असते. खालचं स्थिर, वरचं त्याच्यावरून डावी-उजवीकडे पळतं. विजेवर थेट चालणाऱ्या, चुंबकाच्या मोटरच्या क्लिपरमध्ये ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर वरचं पातं मिनिटाला सुमारे ६००० फेऱ्या मारतं, ६० हर्ट्झवर ७२००. धातूवर धातू, तेही चिकटून. मध्ये तेलाचा पातळ थर नसेल तर पाती तापतात, धार जाते, मशीन केस ओढायला लागतं. "मशीन खराब झालं" म्हणून टाकून दिलेल्या कित्येकांना खरं तर दोन थेंब तेल हवं असतं.

क्रम असा:

मशीन बंद, वायर काढलेली. गार्ड (पात्यांवर बसवायचा प्लास्टिकचा कंगवा) काढा. पात्यांवरचे केस ताठ छोट्या ब्रशने, दात्यांच्या दिशेने बाहेर झटका. फुंकर मारू नका, थुंकीची वाफ जाते आणि केस आतच घुसतात.

महिन्यातून एकदा (रोजच्या धंद्याच्या वापरात रोज) पाती उघडा. बहुतेक मशीनला मागून दोन स्क्रू असतात. उघडण्याआधी फोटो काढून ठेवा, वरचं पातं कोणत्या बाजूने बसलं होतं ते नंतर आठवत नाही. दोन पात्यांच्या मध्ये आणि ढकलणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्याभोवती केसांची भुकटी आणि जुनं तेल मिळून काळी पेस्ट साचलेली असते, ती पुसून काढा. पाती तेवढी स्पिरिटमध्ये बुडवून टूथब्रशने घासली तरी चालतं. पूर्ण कोरडी करा.

परत बसवताना वरच्या पात्याची टोकं खालच्या पात्याच्या टोकांपेक्षा साधारण १ मिमी मागे आणि समांतर हवीत. पुढे आली तर कातडी कापणारच. कुणी 'झिरो'साठी अंतर कमी करतात, तरी टोकं बरोबरीला आणायची नाहीत. स्क्रू एक पूर्ण आणि मग दुसरा असं न करता आलटून पालटून आवळा, नाहीतर पातं तिरकं सरकतं.

तेल: तीन थेंब दात्यांवर (डावीकडे, मध्ये, उजवीकडे) आणि पात्याच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांत एकेक. जास्त नाही. मशीन १०-१५ सेकंद चालवा, बंद करून वर आलेलं तेल पुसा. तेल घालताना दाते खाली झुकलेले ठेवा म्हणजे ते मोटरकडे उतरत नाही.

आणि जंतुनाशक द्रावण फवारून झालं की तेल पुन्हा घालायचं. स्पिरिट तेल धुऊन नेतं. हे विसरल्यामुळे गंजलेली पाती सगळ्यांत जास्त दिसतात.

बिनपाण्याची

वाचनखूण साठवली आहे. पण कोणतं तेल ते राहिलंच की.

कातरवेळ

क्लिपरसोबत छोटी बाटली येते ते. ते हलकं खनिज तेल असतं. ते संपलं तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, तेही त्याच जातीचं.

रोखठोक

घरात खोबरेल असताना विकत कशाला आणायचं? तेल ते तेल.

गंजलेला खिळा

@रोखठोक, खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. गार दिवसांत ते पात्यांच्या मध्ये मेणासारखं बसतं. आणि कोणतंही खाद्यतेल हवेतल्या ऑक्सिजनने हळूहळू चिकट होत जातं, हे तर आणखी वाईट. मशीन महिनाभर पडून राहिलं की आत रोगण तयार. मग मोटर घुर्रर्र करते आणि पातं हलत नाही.

गंजलेले स्क्रू सोडवायचा स्प्रेही नको. त्यात बहुतांश द्रावक असतं. ते उडून गेलं की मागे उरणारा थर एवढ्या घर्षणाला पुरत नाही. शिवाय ते त्वचेला लागणाऱ्या वस्तूसाठी केलेलंच नसतं.

टक्कलपंत

'आत रोगण तयार' हे वाक्य इतर काही धाग्यांनाही लागू आहे.

रोखठोक

खिक्. बरं, खोबरेल रद्द.

रसायनी

प्रश्न क्र. ४ माझा. सोडा (सोडियम बायकार्बोनेट) आणि व्हिनेगर (सुमारे ५ टक्के अॅसिटिक आम्ल) एकत्र केले की फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस बसला की उरतं पाणी आणि सोडियम अॅसिटेट. आम्लही गेलं, अल्कलीही गेली. फेसामुळे थोडी खळबळ होते, एवढाच फायदा. तेलकट मळावर या मिश्रणापेक्षा चमचाभर साबण कितीतरी सरस.

वेगवेगळे वापरले तर दोघांनाही काम आहे. सोडा ओलसर पेस्ट करून टूथब्रशने घासायला, कारण कण मऊ असतात आणि प्लास्टिकला चरे पडत नाहीत. व्हिनेगर जड पाण्याच्या पांढऱ्या थरावर. साबण आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून जो चिवट पापुद्रा बनतो तो रेझरच्या डोक्यात बसतो. निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, १५ मिनिटं, मग टूथब्रश आणि भरपूर पाणी. मात्र रेझर जस्ताच्या मिश्रधातूचा असेल आणि वरचा क्रोमचा मुलामा उडालेला असेल तर आम्ल आतल्या जस्ताला खातं. तिथे साबणावरच भागवा.

धुण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ, बराच तीव्र. तेल झकास काढतो, पण अॅल्युमिनियमचा कंगवा किंवा हँडल त्यात काळं पडतं. हातही कोरडे होतात.

ओलाकोरडा

सोड्याबद्दल किंचित असहमती. नैसर्गिक केसांच्या ब्रशला सोडा लावूच नये. ते केस म्हणजे प्रथिन, अल्कलीने राठ आणि ठिसूळ होतात. त्यांना सौम्य शाम्पूच. कोमट पाण्यात नुसती टोकं, सेंटीमीटरभर, बुडवायची आणि तळहातावर हलकेच आपटायची. लाकडी पाठ कोरडी राहिली पाहिजे. वाळवताना केस खाली, पाठ वर, म्हणजे पाणी मुळांत आणि लाकडाच्या भोकांत उतरत नाही. ते उतरलं की भोकं सैल होतात आणि जुडगेच्या जुडगे गळतात.

रसायनी

मान्य, ब्रशच्या केसांचा विचार करून लिहिलं नव्हतं. प्लास्टिकपुरतंच समजावं.

नवशिकी

ब्लीच चालतं का? लगेच निर्जंतुक होतं म्हणतात.

रसायनी

प्लास्टिकला चालतं, धातूला नाही. ५ टक्क्यांचं घरगुती ब्लीच असेल तर १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी. १० मिनिटं, मग नीट धुणं. मिसळलेलं द्रावण त्याच दिवशी वापरा, २४ तासांनंतर त्याचा भरवसा नाही. कात्री, क्लिपरची पाती, तारेचा ब्रश यांना लावलंत तर क्लोराइडमुळे बारीक खड्डे पडतात, स्टेनलेस असलं तरी. आणि व्हिनेगर, अमोनिया किंवा स्पिरिटबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका. आम्लाबरोबर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाबरोबर क्लोरामीन. वरचा सोडा-व्हिनेगरचा खेळ निरुपद्रवी आहे, हा नाही.

लेकुरवाळी

उवांचं कुणी सांगेल का? फणी, कंगवे, ब्रश सगळंच टाकून द्यावं लागतं का?

सूक्ष्मदर्शी

अजिबात नाही. कंगवे आणि फणी किमान ५४ अंश पाण्यात ५ ते १० मिनिटं ठेवली की पुरे. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नसेल तर अंदाज असा: हात बुडवून ठेवता येणारच नाही इतकं गरम, पण उकळतं नव्हे. लिखांची स्टीलची फणी असेल तर उकळली तरी हरकत नाही. दात्यांच्या मुळाशी धागा किंवा दातांचा फ्लॉस घालून ओढा, लिखा तिथे अडकतात.

ऊ डोक्याबाहेर दीड-दोन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही, तिला रक्त लागतं. लिखांना टाळूची ऊब लागते, ती नसेल तर साधारण आठवड्यात मरतात. त्यामुळे लाकडी ब्रश गरम पाण्यात घालता येत नसेल तर पिशवीत बांधून दोन आठवडे बाजूला ठेवला तरी काम होतं. खरा प्रश्न डोक्यावरच्या उवांचा असतो, साधनं दुय्यम.

धारदार

कात्रीवर थोडं. केस कापायची कात्री कागदाला लावायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि घरात कुणीच पाळत नाही.

प्रत्येक वापरानंतर मऊ फडक्याने पाती आतल्या बाजूने, पाठीकडून धारेकडे पुसा. धारेला आडवं बोट नको. ओले केस कापल्यावर तर लगेचच, कारण पाणी खिळीजवळ दोन पात्यांच्या फटीत दडतं आणि गंज तिथून सुरू होतो. आठवड्याला कात्री पूर्ण उघडून खिळीवर तेलाचा एक थेंब, चार-पाच वेळा उघड-मीट, मग जे बाहेर येईल ते पुसा. पहिल्यांदा काळं पाणी येईल. ते केसांचे कण आणि धातूची झीज.

ताण तपासायचा तर एक कडी धरून टोकं वर करा, दुसरी कडी उचलून पाती काटकोनात उघडा आणि सोडून द्या. थोडं मिटून मध्येच थांबलं तर ठीक. धप्पकन पूर्ण मिटलं तर सैल आहे, केस कापण्याऐवजी पात्यांच्या मध्ये दुमडतील. हललंच नाही तर फार आवळलंय, धार लवकर जाईल. स्क्रू एका वेळी थोडासाच फिरवा, पुन्हा सोडून पाहा.

नवशिकी

आणि सलूनमध्ये बरणीत निळं पाणी असतं त्यात कात्री कायम बुडवून ठेवतात, ते बरोबर की चूक?

कातरवेळ

चूक. ते बहुधा क्वाटर्नरी अमोनियम जातीचं जंतुनाशक असतं. त्यातलं सर्वांत प्रसिद्ध बार्बिसाइड, मॉरिस किंग यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत बनवलेलं. त्याचा रंग निळा. प्रमाण १ भागाला १६ भाग पाणी, म्हणजे लिटरला साधारण ६० मिली. आधी धुतलेली वस्तू पूर्ण बुडवून १० मिनिटं, मग बाहेर काढून धुवायची, कोरडी करायची. द्रावण रोज बदलायचं, आणि त्यात केस तरंगताना दिसले तर दिवस संपायची वाट न पाहता.

रात्रभर कात्री ठेवली तर धातूवर डाग पडतात. प्लास्टिकचे कंगवेही कालांतराने कडक होतात. त्या बरणीचा अर्धा उपयोग दाखवण्यापुरता होतो हे दुर्दैव. आत कंगवे केसांसकट उभे असतील तर ते निळं पाणी म्हणजे फक्त निळं पाणी.

फुलपाखरी

मग ते जांभळ्या दिव्याचं कपाट घेतलं की झंझट संपली? आत ठेवलं, दार लावलं, निर्जंतुक.

कातरवेळ

त्याचा उपयोग आधीच निर्जंतुक केलेल्या वस्तू ठेवायला. यूव्ही-सी (जंतू मारणारे अतिनील) किरण सरळ रेषेत जातात. ज्या पृष्ठभागावर पडले तिथेच काम. कंगव्याच्या दात्यांमधली फट, कात्रीची मिटलेली पाती, ब्रशची मुळं, या सगळ्यावर सावली असते आणि मळ नेमका तिथेच. शिवाय बऱ्याच स्वस्त डब्यांत जांभळा दिसणारा दिवा असतो, यूव्ही-सी मुळातच डोळ्यांना दिसत नाही. नुसता जांभळा प्रकाश पाहून भुलू नका.

गुलछबू

स्ट्रेटनरच्या पट्ट्यांवर तपकिरी थर बसलाय, घासून निघत नाही. तारेच्या घासणीने काढू का?

गंजलेला खिळा

नको! पट्टीवरचा गुळगुळीत लेप गेला की ती केस ओढते आणि जाळते. तो थर म्हणजे सीरम आणि स्प्रे १८०-२०० अंशांवर करपून झालेला. मशीन थोडं गरम करा, बंद करून वायर काढा, कोमट होऊ द्या. हात टेकवता येईल इतपत. मग फडक्यावर स्पिरिट घेऊन पट्टीवर अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुसा, तीन-चार फेऱ्या. स्पिरिट थेट मशीनवर ओतायचं नाही आणि गरम पट्टीला तर लावायचंच नाही, त्याची वाफ खोलीच्या तापमानालाही ठिणगीने पेट घेते. हेच कारण चालू क्लिपरवर फवारू नये यालाही. जादूचा पांढरा स्पंजही बारीक पॉलिशपेपरच आहे, लेपावर नको.

थर पुन्हा बसू नये म्हणून सीरम लावलेले केस पूर्ण वाळू द्या, आणि मशीन गार झालं की दर वेळी ओल्या फडक्याने पुसा. त्याला दहा सेकंद लागतात.

मी_गुंतलेली

सगळ्यांचे मनापासून आभार, पण माझा पहिला प्रश्न कुठेतरी वळणावर हरवला. गादीचा ब्रश? कुबट वास?

ओलाकोरडा

खरंच राहिला की. वास बाहेरून येत नसतो. रबरी गादीखाली पोकळी असते आणि गादीवर किंवा पाठीवर एक बारीक भोक असतं. दाबली की हवा बाहेर जावी, सोडली की आत यावी म्हणून. ब्रश पाण्यात बुडवला की त्याच भोकातून आणि काड्यांच्या मुळांतून पाणी पोकळीत शिरतं. बाहेर निघायला तेवढीच वाट, म्हणून ते तिथेच राहतं. अंधार, ऊब, ओल, वर साबण आणि तेलाचा अंश. बुरशीला आणखी काय हवं. कितीही शाम्पू लावा, वास आतला आहे.

त्यामुळे गादीचा ब्रश भिजवायचाच नाही. भोकावर चिकटपट्टी लावा, ब्रश उलटा धरा (काड्या जमिनीकडे), साबणाच्या पाण्यात टूथब्रश बुडवून खालून घासा, ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसा. पट्टी काढा, गादी टॉवेलवर दाबून आतली हवा-पाणी पिळून काढा, काड्या खालीच ठेवून रात्रभर वाळवा.

आता जो वास येतोय त्याचं: काही ब्रशांची गादी खाचेत नुसती बसवलेली असते. कडेला बोथट चमच्याचा दांडा घालून हलकेच उचकून पाहा. सुटली तर आतून-बाहेरून धुवा, स्पिरिटने पुसा, दोन्ही भाग पूर्ण वाळल्यावर दाबून बसवा. गादी चिकटवलेली असेल तर ओढू नका, फाटेल. भोकातून सिरिंजने थोडं स्पिरिट सोडून, हलवून, दाबून काढा आणि उघड्या हवेत दोन दिवस ठेवा. तरी वास गेला नाही किंवा भोकाशी काळे ठिपके दिसले तर तो ब्रश संपला.

सूक्ष्मदर्शी

भर घालतो. काड्यांच्या टोकांवरच्या गोळ्याही बघा. गरम हवेने आणि वारंवार भिजवल्याने त्या गळतात. हाताच्या पाठीवर ब्रश फिरवून पाहा. ओरखडा जाणवला तर तो टाळूवरही उठतोच. दोन-चार गेल्या असतील तर त्या काड्या मुळाशी कापून टाकता येतात, जास्त गेल्या असतील तर ब्रश बदला.

लेकुरवाळी

निघालेल्या केसांचं काय करायचं? मोरीत सोडले की जाळीत अडकतात.

टक्कलपंत

इकडे पाठवा.

धारदार

टक्कलपंत :D
कचऱ्यातच टाका. कंपोस्ट करत असाल तर त्यातही चालतात, केसांत नायट्रोजन भरपूर असतो. फक्त गुठळी न करता विस्कटून टाका, कुजायला खूप वेळ लागतो. मोरीत नको, केस आणि साबणाचा चिकट थर मिळून पाइपात दोर वळला जातो.

नवशिकी

हेअर ड्रायर मध्येच आपोआप बंद पडतो आणि पाच मिनिटांनी परत चालू होतो. हा स्वच्छतेचाच प्रश्न की दुरुस्तीचा?

गंजलेला खिळा

बहुतेक वेळा स्वच्छतेचाच. मागच्या जाळीवर केस आणि लव साचली की हवा कमी ओढली जाते. आतल्या तारेची उष्णता वाहून जात नाही, तापमान वाढतं, तसा सुरक्षा स्विच उडतो. गार झाला की पुन्हा जोडला जातो. वायर काढा, मागची जाळी फिरवून किंवा ओढून निघते का बघा, कोरड्या मऊ टूथब्रशने साफ करा. जाळी निघणारी असेल तर धुता येते, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका. न निघणारी असेल तर व्हॅक्यूमची नळी बाहेरून धरा. आत हवा फुंकू नका, लव तारेवर जाऊन बसते आणि करपल्याचा वास येतो. जाळी स्वच्छ असूनही बंद पडत असेल तर मग दुरुस्ती.

गुलछबू

माझ्या ट्रिमरवर 'धुता येतो' अशी नळाची खूण आहे. मग वरचं उघडणं-पुसणं सगळं माफ ना?

कातरवेळ

पाणी तेल धुऊन नेतं, त्यामुळे धुण्याच्या दिवशी तेल घालणं आलंच. आधी कोरडे केस झटका, मगच नळाखाली धरा. नाहीतर ओल्या भुकटीचा गोळा होऊन आत बसतो. जाळीच्या शेव्हरला जाळीवर ब्रश लावू नका, ती कागदासारखी पातळ असते आणि फाटली की गाल कापतो. साबणाचा थेंब टाकून, चालू करून, पाण्याखाली धरा, तेवढं पुरतं. डोकं काढून वेगळं वाळवा. आणि ती खूण नीट बघा: काही मशीनला फक्त डोकं धुवायची परवानगी असते, अख्खी मूठ नाही.

गुलछबू

चार्जिंगला लावलेला असताना धुतला तर?

कातरवेळ

कधीच नाही. वायर काढा, मग पाणी. आणि धुतल्यावर चार्जिंगचं भोक हाताला कोरडं लागेपर्यंत वायर परत लावायची नाही. तिथल्या टोकांवर हिरवट थर दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा.